दुखवट्याआधी पांझरेवर

वैशाख शुद्ध पंचमी, शके १८५८. पहाटे जळगावहून गाडीने निघालो. चाळीसगावला गाडी बदलली. दुपारी धुळे. तिथून मोटारीने साक्री, पुढे पिंपळनेर. दिवेलागणीला सासरवाडीला पोचलो. ऊन फार होते.

गळाने मासे धरण्याचा नाद असलेल्या पण पांझरा नदी न पाहिलेल्या मंडळींसाठी आता थोडे सविस्तर लिहितो. तिसऱ्या वर्गाने धुळ्यापर्यंत दोन रुपयांच्या आत जाणे होते. गळ धुळ्याच्या बाजारातच घ्यावेत, पुढे मिळत नाहीत. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर हलके ओढून पाहावे. ओरखडा उठला तर घ्यावा. घसरला तर दुकानदार कितीही बोलला तरी ठेवून द्यावा. दोर रेशमी असावा. काठी मात्र घरूनच न्यावी, बांबूची, लवणारी, आणि ती मोटारीत कशी न्यायची याचा विचार आधी करावा. मी केला नव्हता.

साक्रीच्या मोटारीत काठी खिडकीबाहेर राहिली. क्लीनर ओरडला, "ओ भाऊ, काठी मजार ल्या! नहीते एखादी बाभूळ गळले लागी जाई!"

सगळी मोटार हसली. शेजारी एक म्हातारी मांडीवर मिरच्यांचे गाठोडे घेऊन बसली होती. तिने विचारले, "कोठे चालनात भाऊ?"

"पिंपळनेरजवळ. सासरवाडीला."

"मंग बाई कोठे शे?"

"ती वारली. गेल्या श्रावणात."

म्हातारीने मांडीवरचे गाठोडे सारखे केले आणि म्हणाली, "तरीबी चालनात?"

मी हो म्हणालो. कुसुंबा आणि नेर मागे गेले तसा रस्ता चढू लागला आणि पश्चिमेकडे डोंगर दिसू लागले.

म्हातारीचा प्रश्न बरोबर होता. माझी पत्नी वेणू त्या घरची. आम्हाला मूलबाळ नव्हते. दरवर्षी ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायची, आणि सण झाला की मी तिला आणायला जायचो. आणायला जाणे एका दिवसाचे, पण मी चार दिवस राहायचो, कारण सासऱ्यांना, म्हणजे आबांना, गळाचा नाद आणि मलाही. आता ती नाही. आमच्याकडे रीत अशी की बायको गेलेल्या माणसाचा दुखवटा वर्षाच्या आत सासरच्यांनी करायचा. त्याला पाटावर बसवून नवी टोपी घालायची आणि गोड घास द्यायचा. मग तो दुसरे घर मांडायला मोकळा होतो. सासरवाडीचे येणेजाणेही त्यानंतर थांबते. येऊ नका असे कोणी म्हणत नाही, पण बोलावणेही येत नाही.

आबांचे निरोप दिवाळीपासून येत होते. मी काम करतो त्या कापसाच्या जिनिंगमध्ये हंगाम आहे, रजा मिळत नाही, असे सांगून मी टाळत होतो. आखाजी झाल्यावर गेलो, पण गळ घेऊन. दुखवट्याचा विषय निघाला तर तो पुढे ढकलायचा असे ठरवले होते. त्या नदीवर जायचा हक्क मला सोडायचा नव्हता.

आबांनी ओट्यावर येऊन काठी हातातून घेतली. "पानी चांगलं शे," एवढेच म्हणाले. सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात. त्यांनी पाय धुवायला तांब्या दिला. यंदा घरात सण नव्हता. खापरावरचे मांडे नाहीत, आमरस नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि वांग्याचे भरीत जेवलो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बांधावर गेलो. पांझरेवर जागोजाग दगडी बांध घातलेले आहेत. बांधामागे पाणी साठते, तिथून पाटाने फडांना, म्हणजे शेतांच्या गटांना, जाते. वैशाखात बाकी नदी वाळूची असते, म्हणून मासा बांधामागे आणि डोहात गोळा होतो. नवख्याने हेच दिवस धरावेत. पावसाळ्यात नदी मोठी दिसते, पण मासा कुठे आहे ते कळत नाही.

पाट उघडा आहे की बंद, हे आधी पाहावे. पाट चालू असला तर गळ पाटाच्या तोंडाशी टाकावा, कारण ओढीबरोबर येणारे खाणे टिपायला शिंगाडे, हे मिशांचे मासे, तिथे येऊन बसतात. पाट बंद असला तर खोल पाणी शोधावे. ऊन पाठीवर घेऊन कधी बसू नये. सावली पाण्यावर पडली की तासभर काही लागत नाही. शिंगाड्याला गांडूळ पुरते. तो काढताना पाठीवरचा आणि बाजूचे काटे सांभाळावेत. काटा लागला तर हात दिवसभर ठणकतो. तरंगायला विकतचे काही नको. ज्वारीच्या धांड्याचा सोललेला बोटभर तुकडा दोराला बांधला की पुरे. तो थरथरला तर बारीक मासा आमिष कुरतडतो आहे, तिकडे लक्ष देऊ नये. तो आडवा सरकत बुडाला की काठी उचलावी.

मरळीचे वेगळे. ती श्वास घ्यायला वर येते, तिथे बुडबुडा दिसतो. लहान बेडूक लावून बुडबुड्याच्या पलीकडे टाकावा आणि हळू ओढत आणावा. तिने तोंडात धरला तरी लगेच हिसका देऊ नये, गिळू द्यावा. हे मला ठाऊक आहे. तरी त्या सकाळी मी हिसका दिला आणि मरळ गेली.

बांधाच्या पलीकडून पाटकरी सुपडूभाऊ पाहत होते. पाणी कोणत्या फडाला किती वेळ सोडायचे ते त्यांच्या हातात असते, त्यामुळे गावात त्यांना उलट कोणी बोलत नाही. ते ओरडले, "जवाईबुवा, मासा काय तुम्हना नोकर शे का? जेवू तरी द्या त्याले!"

आबा म्हणाले, "तू पाट देख, सुपडू. मागला साले तुन्हा गळले चप्पल लागनी व्हती."

"चप्पल तरी लागनी! याले ते बी नही!"

आबा हसले. आल्यापासून मी त्यांना प्रथमच हसताना पाहिले. त्यानंतर दोन शिंगाडे लागले, एक आबांना, एक मला.

उन्हे चढल्यावर आम्ही निंबाखाली बसलो. या वेळी वेणू भाकरी घेऊन यायची. भाकरी ठेवून ती पाण्याकडे पाहत उभी राहायची आणि म्हणायची, "इथे काय टाकता, त्या काळ्या दगडाच्या सावलीत टाका." आबा शेजारी असल्यामुळे मी ऐकले नाही असे दाखवायचो. ती खाली धुणे धुवायला गेली की तिथेच टाकायचो. बऱ्याचदा मासा लागायचा. संध्याकाळी घरी परतताना ती मागून विचारायची, "कुठे लागला?" मी म्हणायचो, "बांधाजवळ." तिला खरे कळत असावे, कारण ती पुढे विचारत नसे.

त्या दिवशी भाकरी आम्ही फडक्यात बांधून आणली होती. काळ्या दगडाची सावली पाण्यावर पडली होती. मी तिथे गळ टाकला नाही. आबांनीही टाकला नाही.

तिसऱ्या दिवशी नदीने वर गेलो. पाऊण तास चालल्यावर एक उंबर डोहावर वाकलेला आहे. ज्यांना खडस हा मोठ्या खवल्यांचा, जोरकस मासा धरायचा आहे त्यांनी हे झाड लक्षात ठेवावे. पिकलेली उंबरे पाण्यात पडतात आणि खडस ती खायला वर येतात. तिथे गांडूळ किंवा बेडूक लावू नये. उंबरच लावावे, फार पिकलेले नको, गळावरून गळून पडते. उंबर नसेल तेव्हा ज्वारीच्या पिठात थोडे भाजलेले बेसन आणि हिंग घालून घट्ट गोळी करावी. शिसे लावू नये. उंबर वरून पडले असे वाटले पाहिजे, म्हणून दोर काठावरच्या फांदीवरून सोडावा. बोलू नये. पाय आपटू नये. बोटाला ओले फडके गुंडाळून ठेवावे, कारण खडस पळाला की दोर बोट कापतो.

उन्हाची तिरीप डोहावर आली तेव्हा माझा दोर एकदम ताणला. मी सोडत गेलो. मासा डोहाच्या तळाशी गेला, मग खडकाकडे वळला. आबा पुटपुटले, "खडककडे नका जाऊ देऊ. काठी आडवी, आडवी." मी काठी आडवी धरली. बराच वेळ तो तसाच ओढत राहिला. शेवटी कुशीवर झाला आणि आबा गुडघाभर पाण्यात उतरून त्याला धोतराच्या सोग्यात घेऊन आले. माझ्या हाताएवढा होता, खवले तांबूस.

आम्ही त्याला ओल्या निंबाच्या पाल्यात गुंडाळले. असा मासा दुपारपर्यंत चांगला राहतो, फक्त पाला वाळू द्यायचा नाही. मला फार आनंद झाला होता. मी म्हणालो, "आबा, पुढच्या आखाजीला लांब दोर आणतो. खडकापलीकडेही टाकता येईल."

आबा धोतर पिळत राहिले. मग म्हणाले, "पाव्हना, एक सांगू? राग नका मानू."

"सांगा."

"जव्हय तुम्ही नदीवरथून येतस, तव्हय अक्का ओटावर उभी ऱ्हास. तुम्हले देखस. आन् मंग तुम्हना मांगे देखस."

मी गळ पुसत राहिलो.

"तिले ठाऊक शे कोनी नही ते. तरी देखस. काल बी देखनी. रातले जेवनी नही." त्यांनी धोतर झटकले. "तुम्ही या, मी नही म्हनत नही. मन्हं घर शे, तुम्हनं शे."

डोहात उंबर पडत होते आणि खालून दुसरा कोणी ते घेत होता. पाण्यावर वर्तुळ उठायचे आणि मोडायचे. मी ते बराच वेळ पाहिले. मग दोर गुंडाळला आणि म्हणालो, "आबा, दुखवटा उद्या सकाळीच करून टाका."

त्यांनी मान हलवली. मासा त्यांनी उचलला, काठी मी घेतली. वाटेत त्यांनी एकदाच म्हटले, "चांगला मासा लागना."

गावात शिरताना मी आबांना पुढे जाऊ दिले आणि मागच्या दाराने आत गेलो.

अक्कांच्या घरात देव असल्यामुळे मासा बाहेरच्या चुलीवर होतो. काळ्या मसाल्याचा वास गल्लीभर गेला. सुपडूभाऊ वासावर आलेच. "आते जवाई शिकना," म्हणाले आणि भाकरी घेऊन बसले. अक्कांनी मला डोक्याकडचा तुकडा वाढला. मी त्यांनाही बसायला सांगितले. त्या म्हणाल्या, "मी मांगे खासू." पण नंतर मी पाहिले, चुलीपाशी बसून त्या जेवत होत्या.

सकाळी पाट मांडला. आबांनी नवी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, अक्कांनी गुळाचा घास दिला. गूळ देताना त्यांचा हात माझ्या तोंडाशी थांबला, मग त्या म्हणाल्या, "सुखी ऱ्हा, भाऊ." इतकी वर्षे त्या मला पाव्हना म्हणत आल्या होत्या. मी पाया पडलो. कोणी रडले नाही. आबा बैलगाडीने पिंपळनेरपर्यंत पोचवायला आले. मोटार भरेपर्यंत आम्ही चहाच्या दुकानात बसलो आणि धुळ्यात कोणता दुकानदार बरे गळ ठेवतो यावर बोललो.

साक्रीच्या मोटारीत काठी मी आतच ठेवली. परतीच्या प्रवासात सांगण्यासारखे काही घडले नाही. धुळ्याला शेवची पुडी घेतली, ती चाळीसगावला संपली.

जळगावला येऊन आता महिना होत आला. जिनिंगमधले काही जण विचारतात, स्थळ पाहू का. मी म्हणतो, पाहू पुढे. इथे मेहरूणच्या तळ्यावर जाता येईल, तिथेही मरळ आहे असे ऐकतो. अजून गेलो नाही. तळ्याचे पाणी उभे असते. मला वाहून येऊन बांधापाशी थांबलेले पाणी पाहायची सवय आहे.

तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलात तर वैशाखातच जा आणि उंबराच्या डोहावर पहाटे पोचा. पाटकऱ्याला विचारून बांधावर बसा, तो चेष्टा करील, पण पाणी कधी सोडणार ते नीट सांगेल. काय लागले ते मला कळवलेत तर बरे वाटेल. काळा दगड उन्हे चढल्यावर सावली टाकतो. त्या सावलीच्या कडेला नाही, मध्यावर गळ सोडा.

आज सुटी होती. सकाळी कपडे धुतले. दुपारी धोतर वाळले. वेणू धरायची ते टोक खुंटीला अडकवले, दुसरे हातात धरून खोलीच्या दारापर्यंत मागे गेलो, ताणून सरळ केले आणि घडी घालत खुंटीपाशी आलो.