पश्चिमेकडचा अर्धा भाग

चहा आधी संपवून घ्या, उगाच ठसका लागायचा. घर घेताना माणसं फसतात, हे तुम्ही ऐकलं असेल. मी मात्र घर घ्यायला गेलो आणि भलत्याच माणसाचं घर विकायला काढलं! तेही पेपरात छापून!

आणि मी शाळेत भूगोल शिकवतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बदली होऊन कोंढ्याला आलो तेव्हापासून आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत. माझ्या बायकोला, सुनंदाला, एकही घर पसंत पडेना. कुठे अंधार, कुठे अंगणच नाही. शेवटी देवचंदभाऊंचं घर पाहिलं आणि ती उंबऱ्यावरच बसली. "अजी, सकाळचं ऊन पाहा ना, कसं दारातून थेट आत येऊन राहिलं! घ्याचं तर हेच. नाही तर मी आता घर पाहाले येत नाही."

देवचंदभाऊ मुलाकडे नागपूरला राहायला निघाले होते. घर म्हणजे एकाच मोठ्या घराचे दोन भाग, मध्ये भिंत. एका भागात ते, दुसऱ्यात त्यांचे थोरले भाऊ नानाजी. वडिलांनीच वाटणीपत्र करून दिलेलं, थोरल्याला पश्चिमेकडचा अर्धा भाग आणि धाकट्याला पूर्वेकडचा. विहीर धाकट्याच्या अंगणात, पण थोरल्याच्या घरचं पाणी कधी अडलं नाही. असे भाऊ हल्ली बघायला मिळतात का सांगा!

पवनीच्या वकीलसाहेबांनी मला सगळी रीत समजावली. आधी कागद तपासायचे, मग पेपरात जाहीर नोटीस द्यायची, कोणाची हरकत आली नाही की खरेदीखत, आणि मग दुय्यम निबंधकांसमोर सह्या, अंगठे, फोटो. मी हुशार पोरासारखी मान हलवत होतो.

"तेवढी चतुःसीमा लिहून आणा," ते म्हणाले. "कोणता भाग, कोणत्या दिशेला काय. देवचंदभाऊंना विचारून घ्या."

विचारून? मी? आणि दिशा? अहो, भूगोलाचा मास्तर मी!

भर दुपारी गेलो. आभाळ भरून आलेलं. घरासमोर उभा राहून ऐटीत मोबाईलवरचं होकायंत्र उघडलं. होकायंत्र म्हणालं, देवचंदभाऊंचा भाग पश्चिमेला. मला जरा चमत्कारिक वाटलं, नाही असं नाही. घरी सुनंदाही म्हणाली, "पण अजी, ऊन तर सकाळी दारातून आत येते ना?"

"सूर्य बरोबर पूर्वेला वर्षातून दोनच दिवस उगवतो," मी म्हटलं. "बाकीचे दिवस तो सरकतो."

खरं आहे हो हे! फक्त तो सरकत सरकत पश्चिमेला जात नाही, एवढंच मी विसरलो.

मास्तरांनी लिहून दिलंय म्हटल्यावर वकीलसाहेबांनीही वाटणीपत्राशी न ताडता डोळे झाकून विश्वास ठेवला. नोटीस छापून आली. त्याच सकाळी नानाजी पेपर नाचवत आमच्या दारात.

"काय जी गुरुजी! माहं घर कोणाले विचारून घेऊन राहिले तुमी?"

"तुमचं नाही, नानाजी. देवचंदभाऊंचं."

"मंग हे काय होय? 'पश्चिमेकडील अर्धा भाग'! पश्चिमेचा भाग माहा आहे जी!"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मास्तर आणि गप्प? जमतंय का कधी? मी त्यांना हाताला धरून त्यांच्याच घरासमोर नेलं आणि मोबाईल पुढे केला. "हे बघा. पश्चिमेला देवचंदभाऊ. तुम्ही पूर्वेला."

नानाजींनी मोबाईलकडे पाहिलं, घराकडे पाहिलं. "पण दिवस तर माह्या परसाकडं बुडते जी."

"दिवसावर जाऊ नका, नानाजी. यंत्र खोटं बोलत नाही."

नानाजींचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हंजे... बापानं मले जो भाग देला, त्याच्यात देवचंद राहून राहिला?"

"यंत्राप्रमाणे तरी तसंच दिसतं," मी म्हणालो. म्हणालो हो! जीभ कशी झडली नाही कोण जाणे.

नानाजींच्या बायकोनं हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगे माय! जलमभर मी पाण्यासाठी याहिच्या अंगणात गेली, अन् विहीर माहीच!"

देवचंदभाऊ बाहेर आले. "विहीर तुमची का? मंग तुमच्या घरावरचा स्लॅब माहा!" आणि रागारागानं स्वतःची खाट उचलून त्यांनी नानाजींच्या ओट्यावर नेऊन टाकली. त्यांच्या वहिनींनी विहिरीवर घागरी मांडल्या. बघता बघता अर्धं गाव जमलं. काही जण सूर्याच्या बाजूनं, काही माझ्या मोबाईलच्या!

"मले घर विकाचंच नाही," देवचंदभाऊ गरजले. "अन् नागपूरलेही जात नाही. गुरुजी, आपला सौदा मोडला!"

मागोमाग आलेल्या सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. घर तर गेलंच, पण एका विहिरीचं पाणी प्यायलेले दोन भाऊ माझ्यामुळे एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"आणा तो मोबाईल इकडं! वकिलाले फोन लावते," सुनंदा म्हणाली. कव्हरात आवाज नीट येत नाही म्हणून तिनं मोबाईल कव्हरातून काढला. होकायंत्र अजून उघडंच होतं. ते गर्रकन अर्धा वळसा फिरलं.

"अजी, हे तर उलटंच झालं!"

कव्हर घातलं की पश्चिमेला देवचंदभाऊ. कव्हर काढलं की नानाजी. तिनं तीनदा करून पाहिलं, मग कव्हराचं झाकण चाचपलं. झाकण पक्कं बसावं म्हणून त्यात लोहचुंबक होतं!

दरवर्षी परीक्षेत मीच प्रश्न काढतो हो, 'होकायंत्र लोहचुंबकाजवळ का ठेवू नये?' आणि उत्तर चुकलं की पोरांचे मार्क कापतो.

सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी नानाजींनीच विचारलं, "म्हंजे गुरुजी, दिवस आपल्या जागीच आहे ना?"

"आहे, नानाजी."

"अन् मी?"

"तुम्हीही."

"हुश्श!" म्हणत नानाजी ओट्यावर बसले आणि हसत सुटले. मग देवचंदभाऊ हसले, मग गाव हसलं. नानाजींनी स्वतः भावाची खाट परत नेऊन ठेवली. वहिनी म्हणाल्या, "घागरी भरल्याच आहेत तं नेते बापा." सौदा पुन्हा जुळला आणि माझ्या जिवात जीव आला.

वकीलसाहेबांसमोर मी खाली मान घालून उभा राहिलो. ते म्हणाले, "मास्तर, नोटीस असते कशासाठी? हेच खरेदीखतात गेलं असतं तर दुरुस्तीसाठी पुन्हा सगळ्यांना सह्यांना यावं लागलं असतं. आत्ताच बोंब झाली, बरंच झालं." किती बरं वाटलं म्हणून सांगू! नवीन नोटीस निघाली. या वेळी चतुःसीमा नानाजींनी सांगितली आणि मी निमूटपणे लिहून घेतली.

नोंदणीला साक्षीदार म्हणूनही नानाजीच आले. खरेदीखत हातात पडलं तेव्हा मी आधी 'पूर्वेकडील' हा शब्द शोधला, दोनदा वाचला आणि मगच श्वास सोडला. "झालं ना जी आपलं घर?" सुनंदानं विचारलं. झालं! आता रोज सकाळी दारातून ऊन आत येतं आणि भिंतीपलीकडून नानाजी ओरडतात, "गुरुजी, उगवला! यंत्राले सांगून द्या!"

घरभरणीचं आमंत्रण सुनंदानं मोबाईलवरून सगळ्यांना पाठवलं. पत्ता नीट लिहिला आणि खाली एक ओळ जोडली. 'घर न सापडल्यास गावात कोणालाही विचारावे. भूगोलाच्या सरांना फोन करू नये.'