झिंडेलफिंगेन दर्शन

तुमच्या झिंडेलफिंगेनमध्ये पाहण्यासारखं काय, असं सासऱ्यांनी पुण्याहून जर्मनीत आल्या आल्या विचारलं आणि मी गाड्यांचा कारखाना सांगून मोकळी झाले. तो त्यांनी बाद केला. मुलगा दिवसभर तिथेच असतो आणि घरी येऊन तेच बोलतो, मग वेगळं काय बघायचं? रास्त होतं.

खरी अडचण वेगळीच होती. आमच्या सात वर्षांच्या लेकीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती जर्मनमध्ये देते. आजोबा विचारणार, ती सांगणार, मी मधे दुभाषी. असे तीन आठवडे गेले. परत जायच्या आदल्या शनिवारी सासरे म्हणाले, "तू मधे नसताना एकदा तरी तिच्याशी बोलायचं होतं गं." मला वाईट वाटलं आणि लेकीचा रागही आला.

म्हणून दोघांना घेऊन जुन्या गावात निघाले. लाकडी सांगाड्याची, शेकडो वर्षं पडू पडू म्हणणारी वाकडी घरं. सासऱ्यांनी प्रत्येक पाटीचा फोटो काढला. वाचता एकही येत नव्हती. म्युझियममध्ये जुने माग होते. सोलापुरात असे हवे तेवढे दाखवतो, असं ते म्हणाले. लेक म्हणाली, "लांगवाइलिश." म्हणजे कंटाळवाणं. मी सासऱ्यांना सांगितलं, छान आहे म्हणते.

शेवटी चर्च. दाराशी सासरे पायरीवर टेकले आणि बूट-मोजे काढायला लागले. मी हळूच म्हटलं, "बाबा, इथे काढत नाहीत." देव आहे ना आत, एवढंच म्हणून ते अनवाणी आत गेले. आत फुलं लावणाऱ्या बाई वळून बघायला लागल्या. कोणी ओळखीचं भेटू नये, एवढंच मी तिथल्या देवाकडे मागितलं.

लेक दारात उभी राहून एकदा माझ्याकडे, एकदा आजोबांकडे बघत होती. मग तिनेही खाली बसून बूट ओढून काढले आणि आत पळाली.

"आजोबा, थंड आहे!"

चक्क मराठीत. सासरे म्हणाले, माझ्या पायांवर उभी राहा. ती राहिली. वर खिडकीतल्या रंगीत काचांकडे बोट दाखवून तिने काहीतरी विचारलं आणि ते वाकून सांगायला लागले. मला ऐकू येईना, म्हणून मी एक पाऊल आत टाकलं.

लेक वळली. "आई, तू नको येऊ. तू बूट सांभाळ."

मी मुकाट्याने बाहेर आले आणि दोन्ही जोड सांभाळत बसले.