गाडीची मागची बाजू

आमच्या घरात 'गाडी' म्हटलं की एकच, बाबांची जुनी पिकअप. ती माझ्यापेक्षा वयाने मोठी आणि मानानेही मोठी. सोनाळ्याच्या आमच्या शेतातला कापूस नांदुऱ्याच्या बाजारात आला तो तिच्यातून, आणि लग्नानंतर माझं सामान इथे नांदुऱ्यात आलं तेही तिच्यातूनच.

मागच्या वर्षी बाबांनी ती धाकट्या भावाला देऊन टाकली. मला विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं. मी शाळेत शिकवते, नवरा कचेरीत कारकून, गल्ली अशी की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. गाडी मी लावणार कुठे? हे सगळं मला कळतं. तरी माझ्या पोटात दुखलं, आणि अजून दुखतं.

कारण त्या गाडीची मागची बाजू माझी होती. बाबा तरुणपणी बैलगाडीवरून पडले, तेव्हापासून त्यांची मान वळत नाही. गाडी मागे घ्यायची तर कोणीतरी मागे लागायचं, आणि ते कोणीतरी मी होते. मागच्या हौद्यात, उघडणाऱ्या दारापाशी म्हणजे फाळक्याजवळ उभं राहायचं आणि त्याच्या पत्र्यावर हात मारायचा. एक थाप म्हणजे येऊ द्या, दोन म्हणजे थांबा. कापूस विकायला आलेल्या गाड्यांच्या गर्दीत बाबा फक्त माझ्या हातावर विसंबून मागे येत. भाऊ तेव्हा समोर आईच्या मांडीवर बसून वारा खायचा. खाऊ दे म्हणायची मी. बाबांना 'थांबा' म्हणायची ताकद घरात आईचीसुद्धा नव्हती.

दिवाळीनंतर भावाने गाडी नांदुऱ्याच्या एका गॅरेजात आणून लावली. पुढचं तोंड जुनंच ठेवायचं, मागची बाजू मात्र पार नवी करायची, असा त्याचा बेत. हौद्याच्या सडक्या फळ्या काढून जाड पत्रा, गोल लाल दिवे, चकचकीत बंपर, आणि नवा फाळका. वर मलाच फोन.

"ताई, तू तं तिथंच हायस. येता-जाता जराशी चक्कर मारत जाय. मिस्त्री लय आळशी हाय."

म्हणजे गाडी त्याची, हौस त्याची आणि राखण माझी. तरी मी जात राहिले. शाळा सुटली की पाय तिकडेच वळायचे. दिवे बसले, बंपर बसला, आणि गाडी खरोखर सुंदर दिसायला लागली. तिथे येणारा जो तो विचारायचा, "कोनाची हाय?" मिस्त्री भावाचं नाव सांगायचा. मी शेजारी उभी असायची.

एके दिवशी मिस्त्रीने जुना फाळका काढून भंगाराच्या ढिगावर टाकलेला दिसला. माझं डोकंच फिरलं. मी सरळ सांगितलं, "भाऊ म्हणतो, फाळका जुनाच बसवा."

"पन मॅडम, मले तं ते नवीनच म्हनले होते."

"आता बदललं त्याने."

भाऊ असलं काही म्हणाला नव्हता. पण एवढ्या नव्या झगमगाटात एक तरी पत्रा माझ्या ओळखीचा राहावा, आणि तो बघून भावाचा थोडा तरी हिरमोड व्हावा, अशी माझी साधी इच्छा होती. त्यातलं काहीच झालं नाही. मिस्त्रीने कधी नव्हे ते मन लावून काम केलं. माझ्या हाताने पडलेले सगळे पोचे ठोकून सपाट केले, पुट्टी भरली, घासलं आणि वर गडद हिरवा रंग मारला. गाडी न्यायला भाऊ बाबांना घेऊन आला, तेव्हा फाळक्याकडे बघतच राहिला. मिस्त्रीने या वेळी माझं नाव सांगितलं.

"ताई, हे तुले सुचलं? जुनाच भारी दिसून राह्यला वं," म्हणत त्याने फोटो काढून लगेच मित्रांना पाठवले. मित्रांनी वाहवा केली, ती अर्थात त्याची.

मी नारळ फोडला, गाडीला हळदीकुंकू लावलं. बहीण म्हणून तेवढं माझ्याकडे होतं. मग बाबा स्टेअरिंगवर बसले आणि मी सवयीने मागे जायला निघाले.

"ताई, तू बस ना समोर," भाऊ म्हणाला. "आता मांगं कोनी लागत नाही."

त्याने फाळक्याखाली कॅमेरा बसवून घेतला होता. एवढ्या चकरा मारल्या, पण ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. मी बाबांच्या शेजारी बसले. त्या सीटवर मी आयुष्यात पहिल्यांदाच बसत होते. समोर लहानसा पडदा लागला होता. भाऊ मागे जाऊन उभा राहिला, दिसतोय का बघायला सांगून हात हलवू लागला.

बाबांनी गाडी मागे घेतली. पुन्हा पुढे नेली, पुन्हा मागे घेतली. मान न वळवता, कोणाला न विचारता. सत्तरीचा माणूस, पण चेहरा असा खुलला होता की मला रागही धड येईना.

"पाह्य ना माय, कसा साफ दिसते तो," बाबा म्हणाले. "हसते कसा, ते बी दिसते."

त्यांची नजर पडद्यावरून हलत नव्हती. मी मागे उभी असायची तेव्हा बाबांना फक्त माझ्या हाताचा आवाज ऐकू यायचा. मी कशी दिसत होते, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.