साखराबाईने ओळखलं होतं

१४ मे १९७३, सोमवार. केसपेपर एक्क्याण्णव. नळाला पाणी नाही. एक मृत्यू.

त्या दुष्काळात मी सहकारी संस्थेच्या दवाखान्यात केसपेपर लिहीत होते. तिथे झाडू मारणारी साखराबाई मेंढपाळाच्या घरातली. त्या सकाळी तिने भिंतीला टेकून बसलेल्या भिवराबाईकडे बोट दाखवलं. भिवराबाई खडी फोडण्याच्या कामावरून आली होती.

"बाई, हिला आदी आत घ्या. धापंनं बरगडी लई उडतीय."

"तिचा त्रेचाळिसावा नंबर आहे. तो माणूस बघ, कधीचा ओरडतोय."

"वरडायला दम लागतो, त्यो त्याच्यात हाय. गप पडल्यालं मेंढरू आमी आदी उचलतो."

"इथे माणसं येतात, साखराबाई. मेंढरं नाही."

लोक हसले. रांग मोडायची नाही, हे मिशनच्या शाळेत सिस्टरनी माझ्या अंगी बाणवलं होतं. एकोणचाळिसावा नंबर आत असताना भिवराबाई बसल्या जागी गेली.  त्यानंतर साखराबाईने पुन्हा कधी कुणाकडे बोट दाखवलं नाही.

आज माझी त्या वर्षीची रोजनिशीची वही उघडली. साखराबाईचं नाव त्यात मी लिहिलेलंच नाही. "एक मृत्यू"च्या खाली एवढंच आहे: संध्याकाळी दोन कळश्या पाणी मिळालं, कपडे धुतले नाहीत.