किन्शासा ते परळ, कानपिळीच्या आत

काँगोतून मुंबईला यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. नेटवर किन्शासा–मुंबई टाकलं की सहा हजार आठशे किलोमीटर, साडेआठ तास असं येतं. मी दहावी नापास, तिकडे एसी दुरुस्त करतो. स्क्रीनवर दिसलं ते खरं धरलं आणि बहिणीला, मनालीला, सांगून बसलो, "लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी निघतो, रात्री घरी."

तो आकडा विमान सरळ उडालं तर! सरळ विमानच नाही. अदिस अबाबाला बदलायचं, वर मुंबईचं घड्याळ साडेचार तास पुढे. तिकीट हातात आलं तेव्हा कळलं, उतरणार लग्नाच्याच सकाळी साडेसहाला. मुहूर्त अकराचा. शेठ आधी सोडेना.

मनाली फोनवर म्हणाली, "दादा, बाबा नाहीत. नवऱ्याचा कान तूच पिळायचा. सुहासने पिळलेला मला चालणार नाही." सुहास आमचा चुलत भाऊ, हॉलपासून दहा मिनिटांवर राहतो.

अदिसपर्यंत सगळं वेळेत. तिथली कॉफी नक्की प्या, पण विमानतळावर महाग. माझी तर थंड झाली, कारण बोर्डावर मुंबईचं विमान तीन तास लेट.

साडेनऊला मुंबईत उतरलो. इमिग्रेशनच्या आधी आरोग्यवाल्यांचं टेबल लागतं. "पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड?" खिशात हात घातला. नाही. पासपोर्टात नाही.

"कार्ड नसेल तर बाजूला व्हा. काही दिवस इथेच ठेवतील."

मी जमिनीवरच बॅग उपडी केली. महत्त्वाचं सगळं एकत्र म्हणून कार्ड लग्नाच्या कुर्त्याच्या घडीत मीच घातलं होतं. टेबलावरच्या साहेबांनी कार्ड बघितलं, मग कुर्ता.

"तुझं लग्न?"

"बहिणीचं."

"मग पळ की!"

तुम्ही कार्ड पासपोर्टालाच लावून ठेवा.

प्रीपेड टॅक्सी घ्या, भाव करत बसावं लागत नाही. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, कपडे इथेच बदल. मी आरशात नाय बघत." माहीमपर्यंत ठीक. दादरला पुलाखाली गाडी जी अडकली ती हलेचना. मामीने फोन चालू ठेवला होता. मंगलाष्टका मी टॅक्सीतच ऐकल्या. "सावधान" झालं, टाळ्या झाल्या, वाजंत्री वाजली. ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला.

"लागलं?"

"लागलं. कानपिळी राहिलीय."

परळला हॉलमध्ये शिरलो तेव्हा होम पेटला होता. भटजी म्हणत होते, "चुलत भाऊ चालतो हो, पुढे या." सुहास बाह्या सरसावून उभा. आणि नवरदेव, नीलेश, पाटावरून सांगत होता, "कान माझा आहे ना? मग मी थांबतो."

आई ओरडली, "इलंस रे बाबा!"

मनाली म्हणाली, "दादा, कुर्त्याचं लेबल तरी काढ!"

कान धरला. काय बोलायचं ते विमानात दहादा घोकलं होतं, एक शब्द आठवेना. नुसताच धरून उभा राहिलो. नीलेश हळूच म्हणाला, "सांभाळतो तिला. आता सोडा, दुखतंय."

आठवड्याने किन्शासाला खोलीवर परत आलो. मनालीचा मेसेज आलेला: "पोचलास का? किती तास लागले?" नेटवर अजून साडेआठच दाखवतंय. मी तास मोजले नव्हते. मंगलाष्टका हुकल्या त्या हुकल्याच, त्याची चुटपुट आहे. पुढच्या वेळी तिला वेळ सांगणार नाही. निघालो, एवढंच कळवेन.