हेरंबचे कोल्हे

हेरंब टेकाळे मूळचा मंठ्याचा, कामाने फिटर, आणि स्वभाव असा की नुसतं बरोबर असून त्याचं भागत नसे. चारचौघांनी तसं कबूल करावं लागे. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या एका गाड्यांच्या कारखान्यात पेंट शॉपच्या मेन्टेनन्सला त्याची सात वर्षं झाली होती. सात वर्षांत तमिळ एवढीच आली होती की रिक्षावाला आपल्याला फसवतोय हे कळावं. त्याला थांबवण्याइतकी नाही.

पोरूरहून निघालेली कंपनीची बस त्याला पावणेसहाला गेटवर सोडायची. पेंट शॉपमागे कुंपणापर्यंत वेड्या बाभळीचं रान होतं आणि त्यात कधीकाळच्या नाल्याचा सिमेंटचा पाईप. मार्चमध्ये एके दिवशी उजाडता उजाडता त्या पाईपाशी हेरंबला कोल्हा दिसला, आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये ते सांगायची त्याला दुर्बुद्धी झाली.

"कुत्रा असेल," क्वालिटीतला अमोघ म्हणाला. हा पुण्याचा, त्यामुळे शंका घेणं हा त्याचा व्यवसाय आणि विरंगुळा दोन्ही.

"कुत्र्याची शेपूट वर वळते. ह्याची खाली लोंबत होती, झुपकेदार, टोक काळं."

"घाबरलेला कुत्रा असेल. तुला बघून."

तेव्हापासून हेरंबचा कोल्होबा झाला. तो बसमध्ये चढला की मागच्या सीटवरून कुणीतरी बारीक कुई करायचं. दुसऱ्या आठवड्यात तमिळ ड्रायव्हरसुद्धा करायला लागला.

मग हेरंब पुराव्याच्या मागे लागला. कूलिंग टॉवरखालच्या चिखलात ठसे मिळाले. ते त्याने व्हर्नियरने मोजले. फिटरच तो, डोळ्यावर कसा विश्वास ठेवेल? कुत्र्याचा पंजा गोल आणि पसरट, हा लांबट, पुढची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली. कुत्रा वास घेत भरकटतो, ही पावलं सुतावर टाकल्यासारखी सरळ. विष्ठा एका दगडाच्या डोक्यावर, मुद्दाम मांडून ठेवल्यागत, तीत बोरांच्या बिया आणि उंदराचे केस. ती पिशवीत घालून त्याने घरी नेली, तर बायको रेवा म्हणाली, "फ्रीजमध्ये ठेवायची असेल, तर आधी मला माहेरी पोचवा."

शेवटी एका शनिवारी कोल्ही पाईपाच्या तोंडाशी बसलेली सापडली. चार पिल्लं तिच्या अंगावर चढत होती. हेरंबने फोटो काढला, हात थोडा हलला.

"अंधुक आहे," अमोघ म्हणाला. "पॉमेरियनसुद्धा म्हणता येईल."

आता कारखान्यात एखादी गोष्ट कार्डावर चढल्याशिवाय खरी नसते. धोका दिसला की कार्ड भरायचं, महिन्याला माणशी दोन. सांडलेलं तेल, सैल बोल्ट, असलं काहीबाही लोक भरत. हेरंबने कोल्हा भरला. जागा अशी नेमकी लिहिली की आंधळ्यालाही पाईप सापडावा. फोटो जोडला. 'धोका' हा रकाना रिकामा सोडला तर कॉम्प्युटर कार्ड घेईना, म्हणून लिहिलं, 'चावू शकतो.' 'उपाय'पुढे लिहिलं, 'योग्य तो करावा.'

सेफ्टी ऑफिसर वेंकटने फोटो पाहिला. त्याचं आणि हेरंबचं बोलणं मोडक्या हिंदीत चाले.

"नरी," वेंकट म्हणाला. तमिळमध्ये कोल्ह्याला हेच म्हणतात. "हंड्रेड परसेंट नरी. सुपर, टेकाळे."

हे त्याने सगळ्यांदेखत म्हटलं. बसमध्ये अमोघने हात जोडले. त्या दिवशी हेरंब घरी शीळ घालत गेला.

चावणं लाल धोक्यात मोडतं, आणि लाल धोका चोवीस तासांत मिटवायचा असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी हेरंबच्या मोबाइलवर निरोप आला: उपाय पूर्ण, पाहून खात्री करावी. तो गेला. सिव्हिलच्या लोकांनी कोल्हीला दगड मारून हाकललं होतं आणि पाईपाची दोन्ही तोंडं विटा-काँक्रीटने बंद केली होती. थापी मारून वर गुळगुळीतसुद्धा केलं होतं. हेरंबने कान लावला. आत पिल्लं ओरडत होती.

तो धावत वेंकटकडे गेला.

"पिल्लं आहेत हे कार्डात नाही," वेंकट म्हणाला.

"फोटोत आहेत."

"फोटो कोण मोठा करून बघतं?" वेंकट वाईट माणूस नव्हता. त्याने लगेच तोडफोडीच्या परमिटवर सही केली. पण सह्या तीन लागत. सिव्हिलचा इंजिनियर बहिणीच्या लग्नाची खरेदी करत होता. हेरंबने बस, रिक्षा करत त्याला चेन्नईत टी. नगरच्या बाजारात गाठलं आणि साडीच्या खोक्यावर कागद ठेवून सही घेतली. तिसरी सही शॉप मॅनेजरची. तो सकाळी नऊला येणार होता.

संध्याकाळी त्याने अमोघला फोन केला.

"हातोडा नाही का तुझ्याकडे?" अमोघने विचारलं.

"आहे."

"मग जा आणि फोड."

"विनापरमिट फोडलं तर नोकरी जाते रे. गेल्या वर्षी एकाची गेली."

"जाते खरी," अमोघ म्हणाला, आणि यावर पुढे काही टोमणा मारला नाही. हेरंबला तो मारलेला चालला असता.

सकाळी साडेनऊला, तिन्ही सह्यांनिशी, काँक्रीट फुटलं. चारही पिल्लं एकाच तोंडाशी एकमेकांवर पडली होती. सिमेंट ओलं असतानाचे नख्यांचे ओरखडे त्यात तसेच वाळले होते. अंगं कडक झाली होती.

वेंकटने गडीमाणसांना लांब पाठवलं आणि हळूच म्हणाला, "टेकाळे, नीट बघ. कोल्हे असतील तर फॉरेस्टला कळवावं लागेल. संरक्षित प्राणी. केस होईल, आणि कार्डावर नाव तुझं आहे. जागा तुझी, फोटो तुझा. तसा फोटो अंधुकच आहे. तू म्हणशील ते मी लिहितो."

हेरंब उकिडवा बसला. सगळ्यात वरच्या पिल्लाचा पंजा त्याने उचलला, सिमेंट पुसलं. लांबट होता. पुढची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती. तो पंजा त्याने होता तसा खाली ठेवला.

"कुत्रे," तो म्हणाला.

"शुअर?"

"गावठी."

वेंकटने तसं लिहिलं.