हरणगडचं संस्थानगीत

शिवा घाडी परळच्या एका गिरणीत कापड विणायचे दोन साचे चालवायचा. साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं ओरडून बोलणाऱ्यांचे गळे बसतात, शिवाचा बसला नव्हता. भोईवाड्यातल्या त्याच्या चाळीत शनिवारी भजन असलं की शेजारच्या चाळींतली माणसं येऊन जिन्यावर दाटीवाटीनं बसायची. तो मूळचा हरणगडचा. कोकण किनाऱ्यावरचं ते एवढंसं संस्थान. एक बंदर, एक गड आणि वीस-बावीस गावं. तिथली निम्मी तरणी माणसं मुंबईत गिरण्यांच्या कामाला लागली होती.

अठराशे सत्त्याण्णव सालचा जानेवारी चालू होता. विलायतेच्या राणीच्या राज्याला जूनमध्ये साठ वर्षं पुरी होणार होती आणि संस्थानोसंस्थानी दरबार भरायचे होते. त्या दिवशी आपलं स्वतःचं गीत गायलं जावं असं हरणगडच्या महाराजांच्या मनात आलं. दिवाणसाहेब त्यासाठी मुंबईला आले, गिरगावात एक माडी भाड्यानं घेतली, वर्तमानपत्रात जाहिरात दिली. सत्तावीस गीतं आली. शास्त्र्यांनी केलेली, वकिलांनी केलेली. वाचायला सगळी भारदस्त, पण गायची कुणी? जयवंतराव नावाचा हरणगडचाच कारकून दिवाणसाहेबांच्या हाताखाली होता. त्याला शिवाचं भजन ठाऊक होतं. त्यानं निरोप धाडला.

रविवारी गिरणीला सुट्टी. शिवा धुतलेला सदरा घालून सकाळीच चालत निघाला. रस्त्यानं गाड्यांमागून गाड्या येत होत्या. वर ट्रंका, पाटे-वरवंटे, कोंबड्यांचे डालगे, पाय पसरून बसलेल्या म्हाताऱ्या. मांडवीत सुरू झालेला गाठीचा ताप, प्लेग, आता शहरभर पसरला होता आणि ज्याला गाव होतं तो गावाकडे पळत होता. गिरगावाकडे जाणारा शिवा जवळजवळ एकटाच. रस्त्यात ओळखीचा एक दुकानदार फळ्या लावताना दिसला. "तू कुठं उलटा चाललास?" त्यानं विचारलं. शिवा हसला आणि चालत राहिला.

माडीवर गाद्या, तक्के, बाजाची पेटी. खिडक्या मात्र घट्ट लावलेल्या. सोनापूरच्या मसणवटीचा धूर सकाळपासून त्या बाजूला वळला होता. दिवाणसाहेबांशेजारी दोन पंच बसले होते, नाकाशी अत्तराचे फाये धरून.

शिवाला वाचता येत नव्हतं. जयवंतराव ओळ सांगायचा, शिवा ती चालीत बसवून म्हणायचा. गीतामागून गीत झालं. महाराजांच्या सात पिढ्यांच्या तलवारी, सूर्यवंश, सिंहासन. श्वास घ्यायला जागा म्हणून नाही. दुपारपर्यंत पंच पेंगायला लागले. मग एका शाळामास्तरानं पाठवलेला साधा कागद जयवंतरावानं उचलला.

"ये लेकरा, ये रे घरी,
दार उघडे या बंदरी."

या ओळींना शिवानं चाल शोधली नाही. भाताच्या लावणीच्या वेळी बायका चिखलात वाकून म्हणायच्या तशी एक चाल आपोआप त्याच्या गळ्यात आली. पुढच्या कडव्यांत बंदरावरची होडी होती, चुलीवरचं भाताचं मडकं होतं, वाट बघणारी आई होती. शिवा थांबला तेव्हा पंचांचे फाये धरलेले हात खाली आले होते.

दिवाणसाहेबांनी तो कागद मागून घेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाले, "आमच्या मनात ते सूर्यवंशाचं होतं. पण गाणार तुमच्यासारखी माणसं. तुला कोणतं बरं वाटतं रे?"

एवढ्या मोठ्या माणसानं आपल्याला विचारलं म्हणून शिवा सदरा सारखा करून ताठ झाला. "घराकडे बोलावतंय ते, सरकार," तो म्हणाला. "हरणगडच्या माणसाला दुसरं काय पायजे?"

"ठीक. पुढच्या रविवारी ये. पेटीवर नीट बसवू."

त्या आठवड्यात समोरच्या चाळीत तीन दारांवर प्लेगच्या खुणेची तांबडी वर्तुळं निघाली. म्युनिसिपालटीची माणसं आली, कौलं काढून खोल्या उन्हाला उघड्या केल्या, भिंतींवर चुना मारला. गिरणीत शिवाच्या शेजारचा साचा बंद पडला, कारण त्याच्यावरचा माणूस आलाच नाही. शनिवारी भजनाला बसायची कुणाची छाती होईना, तरी शिवाचा सोबती दौलत म्हणाला, "तां दरबाराचा गाणा म्हण बघू." शिवानं म्हटलं. दुसऱ्या कडव्याला बायकांचे पदर डोळ्यांना लागले.

"म्हाराजांनीच असा म्हटला?" दौलतनं विचारलं.

"त्येंचा गीत हा ता. दरबारात म्हणतले."

"मग बसलंव कित्याक हय?" दौलत उठूनच उभा राहिला. आतापर्यंत जावं की राहावं असं तळ्यात-मळ्यात करणारी माणसं त्या एका बैठकीत तयार झाली. हरणगडची नऊ बिऱ्हाडं. शिवाची बायको सुभद्रा निघायला तयार नव्हती. "माका भीती वाटता. तुमी येवा, मगे जाऊया," ती म्हणत होती. शिवानंच तिची समजूत घातली. गीत बसवून झालं की तो येणारच होता. रविवारी पहाटे भाऊच्या धक्क्यावरून त्यानं त्यांना आगबोटीत चढवलं आणि तिथून तसाच तो गिरगावला गेला.

माडीवर त्या दिवशी पेटी उघडलेली नव्हती. दिवाणसाहेब फेऱ्या मारत होते आणि जयवंतराव मांडी घालून लिहीत होता. शिवा दाराशी उभा राहिला.

"लिही," दिवाणसाहेब सांगत होते. "मुंबईहून येणाऱ्या कुणाही इसमास आजपासून हरणगड बंदरी उतरू देऊ नये. उतारू आणणारे पडाव आगबोटीस लावू नयेत. कोणी किनाऱ्यास लागल्यास शिपायांनी परत लोटावे. याची तार आत्ताच करा." ते वळले. "अरे, शिवा! आलास? बस. गीतही आज मंजूर झालं. महाराजांची सही आली."

हुकूम आणि गीत, दोन्ही कागद जयवंतरावाच्या मांडीवर शेजारी शेजारी होते. शिवा दोन पावलं आत आला. "सरकार, आमची माणसं आज सकाळीच निघाली. माझी बायको आहे. त्यांना तरी..."

"तुमच्यासाठी बंदर उघडलं तर गाव मरेल."

"पण गाण्यात म्हटलंय, सरकार."

दिवाणसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या नजरेत, नवल होतं. "गाणं दरबारासाठी आहे रे," ते म्हणाले.

जयवंतराव मान खाली घालून लिहीतच राहिला.

पुढचे चार दिवस शिवा कामावर गेला नाही. तो धक्क्यावर बसून राहिला. पाचव्या दिवशी दुपारी तीच आगबोट परत आली. सुभद्रा सगळ्यांच्या आधी उतरली, डोक्यावर बोचकं नाही, ओठ फुटलेले. त्यानं आधी तिला पाणी पाजलं. मग तिनं सांगितलं. हरणगडसमोर आगबोट उभी राहिली, भोंगा झाला, पण एकही पडाव आला नाही. वाळूवर बंदुकवाले शिपाई होते. त्यांच्या मागे गावातली माणसं उभी होती, ओळखू येतील इतकी जवळ. सासू तिला दिसली. सासूनं हात वर केला आणि शिपायानं तिला मागे ढकललं. बोट तशीच वेंगुर्ल्यापर्यंत गेली. तिथंही उतरू दिलं नाही.

"दौलत?" शिवानं विचारलं.

"येतेवेळी ताप इलो." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दर्यात सोडल्यानी. तेच्या बायलेक खाली बसवन ठेवलेली, म्हायती होवचा नाय म्हणान."

नऊ बिऱ्हाडांतली चार माणसं परतीच्या वाटेवर दगावली. बाकीच्यांना धक्क्यावरूनच पोलिसांनी एका छावणीत नेलं. सुभद्रालाही नेलं. दहा दिवसांनी ती सुटली, धडधाकट. पण चाळीतली माणसं शिवाशी बोलेनाशी झाली. शिव्या कुणी दिल्या नाहीत. तो नळावर आला की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या, एवढंच.

मे महिन्यात जयवंतराव स्वतः भोईवाड्यात आला. जिना चढून दाराबाहेरच उभा राहिला. त्याच्या हातात छापलेल्या गीताची प्रत होती, कडेला सोनेरी वेलबुट्टी.

"दरबारात तूच म्हणायचंस असं महाराज म्हणतात. आता बंदर उघडलंय. दहा दिवस बंदरावरच्या सूतकोठीत वेगळं राहावं लागेल, मग थेट राजवाड्यात. चाल दुसऱ्या कुणाला येत नाही, शिवा."

"माझा गळा गेला, जयवंतराव."

"तू आत्ता नीट बोलतोयस."

"बोलतो," शिवा म्हणाला.

जयवंतराव जिन्याकडे वळला आणि परत फिरला. मग अगदी हळू म्हणाला, "तार मी धाडली. मीही तिथलाच आहे." शिवानं त्याला आत बोलावलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. शेवटी प्रत उंबऱ्यावर ठेवून तो निघून गेला.

जूनमध्ये दरबार झाला. बँडमास्तरानं गीताला नवी चाल लावली, आणि पुढं हरणगडच्या शाळेत रोज सकाळी पोरं ते त्याच चालीवर म्हणू लागली. शिवा पुन्हा साच्यावर लागला. भजनाला तो कधीकधी मागच्या भिंतीला टेकून बसायचा, पण टाळ हातात घेत नसे. म्हातारपणी त्याला कुणी गाव विचारलं तर तो भोईवाडा सांगायचा. सुभद्रा मात्र दर खेपेला शेजारून दुरुस्त करायची, "हरणगड."